कुत्र्याला आपला खाऊ: वडा, चिवडा, बिस्किटं आणि चहाची बशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरच्या एका घरात साडेतीन वर्षांचा, 10 किलो वजनाचा स्पिट्झ आहे. आजोबा रोज संध्याकाळी चहाबरोबर त्याला बिस्किट, फरसाण, कधी वड्याचा तुकडा देतात आणि बशीत घोटभर चहाही ठेवतात. आजवर त्याला काही झालेलं नाही. काल रात्री मात्र सांडलेल्या चिवड्यातले आठ-दहा बेदाणे त्याने खाल्ले. उलटी नाही, खेळतोय. थांबून बघावं का? आणि एकूणच यातलं काय चालतं, काय नाही?

आधी बेदाण्यांचं, कारण बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. थांबू नका, आजच डॉक्टरांकडे न्या. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांमुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं अचानक बंद पडतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बेदाणे बाधतील हे आधी सांगता येत नाही. नोंदवलेल्या केसेसमध्ये सर्वांत कमी मात्रा किलोमागे 3 ग्रॅमच्या आसपास बेदाण्यांची आहे. तुमच्या कुत्र्यासाठी ते 30 ग्रॅम होतात, म्हणजे बऱ्यापैकी मूठभर. आठ-दहा बेदाणे जेमतेम 4-5 ग्रॅम भरतात. त्यामुळे बहुधा काही होणार नाही. पण ‘बहुधा’वर मूत्रपिंड सोपवू नये. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे यामागचं कारण असावं, असं 2021 मध्ये पशुवैद्यकांनी मांडलं. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे हे आम्ल कमी-जास्त होतं. एक कुत्रा वाटीभर द्राक्षं पचवतो आणि दुसरा थोडक्यात आजारी पडतो, त्याचा उलगडाही यातून बराचसा होतो.

खाऊन बारा तास उलटलेत, तेव्हा आता उलटी करवण्यात अर्थ नाही. आज रक्तातलं क्रिएटिनिन, युरिया आणि फॉस्फरस तपासून घ्या आणि लघवीची घनता बघायला सांगा. आजचे आकडे नॉर्मल आले म्हणून सुटलो असं समजू नका. मूत्रपिंडाची इजा रक्तात दिसायला 24 ते 72 तास लागतात. म्हणून हीच तपासणी उद्या आणि परवा पुन्हा करायची. तोवर पाणी भरपूर ठेवा आणि तो लघवी करतो का, किती करतो, याकडे लक्ष द्या. दिवसभरात लघवी कमी झाली, तो जेवायला नको म्हणाला, उलटी झाली, तोंडाला वेगळाच वास आला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच न्या. सलाइन वेळेवर सुरू झालं तर बरीच कुत्री यातून बाहेर येतात. लघवी बंद झाल्यावर आणलेल्या कुत्र्यांचं तसं नसतं.

पुन्हा असं झालं तर खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत डॉक्टरांना गाठायचं. तेव्हा उलटीचं इंजेक्शन देऊन पोट रिकामं करता येतं आणि तिथेच प्रश्न मिटतो.

आता बाकीचं.

कुत्र्याला काय चालतं याच्या याद्या सगळीकडे मिळतात आणि त्यात चॉकलेट पहिल्या क्रमांकावर असतं. त्या याद्या चुकीच्या नाहीत, पण त्या दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसून केलेल्या आहेत. आपल्याकडे धोका वेगळ्या दारातून येतो. आपल्या खाऊतला मूळ पदार्थ बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो: बटाटा, पोहे, कुरमुरे, हरभरा डाळ, मैदा. त्याला लागलेला कांदा, लसूण, चिंच, मीठ, तेल आणि त्यात टाकलेला सुकामेवा त्रास देतो. त्यामुळे ‘चिवडा चालतो का?’ याला एक उत्तर नाही. त्यात काय काय पडलंय, किती पडलंय आणि कुत्र्याचं वजन किती, हे तीन प्रश्न विचारले की उत्तर मिळतं. वजन माहीत नसेल तर कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. पुढचं सगळं गणित त्या आकड्यावर उभं आहे.

कांदा आणि लसूण यांवर जरा थांबायला हवं, कारण मराठी घरात ते नसलेला तिखट पदार्थ शोधावा लागतो. या दोघांमधली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना आतून गंजवतात. पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या होतात, अशा पेशी टिकत नाहीत, फुटतात, आणि कुत्र्याला रक्तक्षय होतो. शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने ही द्रव्यं जात नाहीत. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर रक्तावर परिणाम दिसू शकतो. 10 किलोच्या कुत्र्याला हे 50 ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. लसूण त्याच्या तीन ते पाच पट तीव्र धरतात, म्हणजे 10 ते 15 ग्रॅम, साधारण पाच-सहा पाकळ्या.

आता वडा मोडून बघा. अर्धा किलो बटाट्याच्या भाजीत आठ-दहा पाकळ्या लसूण पडतो आणि तेवढ्यात आठ-दहा वडे होतात. म्हणजे एका वड्यात पाकळीभर लसूण. आजोबांनी दिलेल्या तुकड्यात त्याचा चौथा भाग. तेवढ्याने आज काही होत नाही, म्हणूनच ‘आजवर काही झालेलं नाही’. पण वड्याबरोबरची सुकी लाल चटणी वेगळी. ती लसूण-खोबऱ्याचा अर्क आहे, चमचाभर चटणीत कितीतरी पाकळ्या कोरड्या होऊन बसलेल्या असतात. पावाला चटणी लागलेली असेल तर तो पाव कुत्र्याला द्यायचा नाही. कांदा भजी, भडंग, मिसळ, पावभाजी, भेळ, कच्छी दाबेली: हे सगळं थेट नाही. आणि रोज थोडं थोडं हे एकदाच्या एका कांद्यापेक्षा फसवं, कारण पेशींची नासाडी साचत जाते.

पाकिटातल्या वेफर्सवर ‘क्रीम अँड ओनियन’ किंवा ‘मसाला’ लिहिलेलं असेल तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कांदा पावडर, लसूण पावडर सापडेलच. इन्स्टंट नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीतही तेच. पावडरीत पाणी उडालेलं असतं, म्हणून तिचा एक ग्रॅम ताज्या कांद्याच्या कितीतरी ग्रॅमांइतका. नूडल्स मसाल्याविना उकडून दोन काड्या दिल्या तर विष नाही. मसाला घातलेल्या नूडल्सचं उरलेलं पातेलं चाटायला खाली ठेवू नका. जपानी अकिता आणि शिबा इनू जातीच्या कुत्र्यांना कांदा आणखी कमी मात्रेत बाधतो. मुंबईत आता या जाती दिसू लागल्या आहेत, त्यांच्या मालकांनी इथे शून्य हाच आकडा धरावा.

कांद्याचा त्रास त्याच दिवशी दिसत नाही. पहिल्या दिवशी उलटी-जुलाब झाले तर झाले. खरी लक्षणं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येतात: कुत्रा जिना चढताना थांबतो, धापा टाकतो, लघवी चहासारखी तांबूस-तपकिरी होते. हिरड्या बघायची सवय आजच लावून घ्या. वरचा ओठ सुळ्यापाशी उचला. हिरडी ओलसर, गुलाबी असायला हवी. अंगठ्याने दाबून सोडा, पांढरा ठसा उमटेल आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होईल. रक्तक्षय झालेल्या कुत्र्याची हिरडी आधीच फिकट असते, ठसा नीट दिसतही नाही. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

इथे एक गोष्ट आवर्जून. मुंबईत फिकट हिरड्या आणि गडद लघवी घेऊन कुत्रा आला की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा गोचीड-ताप येतो, आणि तो येणं बरोबरच आहे. रक्ताच्या काचपट्टीवर दोन्ही वेगळे ओळखता येतात, पण गेल्या आठवड्यात कुत्र्याने भजी खाल्ली होती हे तुम्ही सांगितलंत तर शोध लवकर लागतो. लाज वाटून लपवू नका. ‘घरात कोणी दिलं असेल का?’ हा प्रश्न डॉक्टर विचारतात तो उपचारासाठी. त्याचं उत्तर आजोबांकडूनच घ्या.

तेलकटाचं दुखणं वेगळं आहे आणि ते कांद्यापेक्षा जास्त वेळा दिसतं. वडा, समोसा, कोंबडीची कातडी, कबाब, पावभाजीचं लोणी, तळणीतलं उरलेलं. एकदम खूप स्निग्ध पदार्थ पोटात गेला की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. वय झालेली, लठ्ठ, नसबंदी झालेली घरगुती कुत्री आणि मिनिएचर श्नॉझर जात यांना हे लवकर होतं. पार्टीनंतर एक-दोन दिवसांनी कुत्रा पुन्हा पुन्हा ओकतो, पाणीही ठरत नाही, पोटाला हात लावू देत नाही. पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून उभा राहतो, जणू आळस देतोय. खेळात कुत्रा असा एक क्षण वाकतो. पोटदुखीत तो तसाच राहतो किंवा पुन्हा पुन्हा तसा होतो. हे दिसलं की दही-भात देऊन घरी बघत बसू नका. स्वादुपिंडाच्या सुजेत सलाइन, वेदनाशामक आणि उलटी थांबवणारं औषध लागतं. आणि आपल्या औषधांच्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर मुळीच देऊ नका. खाऊने झालं नसेल तेवढं नुकसान त्या गोळ्या करतात.

चिवड्याकडे परत येऊ. साधे पोहे, डाळं, कढीपत्ता, खोबऱ्याचे काप यांत विष नाही. शेंगदाणे आणि काजूही चार-दोन चालतात, फक्त तेलकट. बेदाणे असतील तर मात्र संपूर्ण डबा कुत्र्याच्या आवाक्याबाहेर. निवडून बाजूला काढू म्हणाल तर पोह्यांत दडलेला एखादा राहतोच. हीच गोष्ट शिऱ्याची. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, गणपतीतल्या पंचखाद्यात अनेक घरी मनुके घालतात. प्रसाद नाकारू नये म्हणून कुत्र्याच्या तोंडी द्यायचाच असेल तर केळ्याची चकती द्या, नाहीतर साखरफुटाण्याएवढा खोबऱ्याचा तुकडा. डिसेंबरात वांद्रे, वसईकडून येणारा फ्रूट केक तर दुहेरी वाईट: त्यात बेदाणेही आणि रमही. मकाडॅमिया नावाचे गोल दाणे हल्ली परदेशी चॉकलेटांत, कुकीजमध्ये येतात. ते खाऊन बारा तासांत कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात, अंग थरथरतं, ताप येतो. किलोमागे 2 ग्रॅमच्या पुढे हे दिसतं. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत सावरतात, पण डॉक्टरांना दाखवायचंच.

टार्टारिक आम्ल चिंचेतही असतं, द्राक्षापेक्षा पुष्कळ जास्त. त्यामुळे भेळ-पाणीपुरीची गोड चटणी, चिंचेच्या गोळ्या, चिंचेचा कोळ यांना बेदाण्याच्याच रांगेत बसवा. बोटावरचं चाटलं तर धावपळ नको, वाटी चाटली तर फोन करा.

बिस्किटांवर वाद फार होतो. ग्लुकोज बिस्किटं विषारी नाहीत. ती मैदा आणि साखर आहेत, वजनाचा सुमारे पाव भाग साखरच, आणि 100 ग्रॅममध्ये साधारण 450 कॅलरी. तुमच्या 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहाव्या भागात बसवायचा असतो, म्हणजे 60 कॅलरी. तेवढ्यात जेमतेम 13 ग्रॅम बिस्किटं बसतात, लहान बिस्किटं असतील तर दोन-तीन. एका मध्यम वड्यात दीडशेच्या पुढे कॅलरी असतात, म्हणजे एक वडा हा अडीच दिवसांचा खाऊ. आजोबांनी एक बिस्किट दिलं, आईने पोळीचा तुकडा, मुलांनी वेफर, आणि वॉचमननेही एक बिस्किट दिलं, तर कुणीच जास्त दिलं नाही असं प्रत्येकाला वाटतं आणि वर्षात कुत्रा दोन किलो वाढतो. 10 किलोच्या कुत्र्याचे दोन किलो म्हणजे साठ किलोच्या माणसाचे बारा. मधुमेही कुत्र्याला बिस्किट अजिबात नाही. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज पुड्यांनी बिस्किटं टाकणाऱ्यांना विनंती अशी की तेवढ्याच पैशांत भात आणि उकडलेल्या अंड्याचा एक डबा नेता आला तर त्यांच्या अंगाला काहीतरी लागेल.

चॉकलेटचं गणित आकड्यांत मांडते, कारण याच बाबतीत लोक विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निश्चिंत राहतात. त्यातलं थिओब्रोमिन माणसाच्या शरीरातून लवकर निघून जातं. कुत्र्याच्या रक्तातलं ते निम्म्यावर यायलाच सतरा-अठरा तास लागतात. किलोमागे 20 मिलिग्रॅमला उलटी, जुलाब, अस्वस्थपणा. 40-50 ला हृदयाचे ठोके बिघडतात. 60 च्या पुढे फिट्स येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅमला साधारण 2 मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये 5 किंवा त्याहून जास्त, आणि कोको पावडरीत 25 च्या घरात. तुमच्या कुत्र्याची पहिली पायरी 200 मिलिग्रॅम, म्हणजे दुधाचं चॉकलेट 100 ग्रॅम, डार्क 40 ग्रॅम, कोको पावडर फक्त 8 ग्रॅम, पोहे खायचे दोन चमचेसुद्धा नाही. तीन किलोच्या पॉमेरेनियनला हेच आकडे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतात. लॅब्रॅडोरने दुधाच्या चॉकलेटची एक वडी खाल्ली तर रात्रभर जागू नका. पॉमने ब्राउनीचा ट्रे चाटला तर रिक्षा बोलवा.

चहा-कॉफीतलं कॅफिन याच कुळातलं आणि मात्राही जवळपास तीच. चहाच्या एका कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन येतं. बशीतल्या घोटाने 10 किलोच्या कुत्र्याला विषबाधा होणार नाही, पण रोजची साखर आणि उत्तेजना कशाला? गाळणीतला चोथा आणि कॉफी पावडरीची बाटली मात्र खरोखर जपा. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं.

झायलिटॉल हे आपल्याकडे अजून पुरेसं माहीत नसलेलं आणि सर्वांत वेगाने मारणारं. शुगर-फ्री च्युइंगगम, मिंट, काही पीनट बटर आणि प्रोटीन बार, माउथवॉश यांत हा गोडवा असतो. कुत्र्याच्या शरीरात तो गेला की इन्सुलिन भसकन सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते, अनेकदा अर्ध्या-एक तासात. किलोमागे 0.1 ग्रॅम त्याला पुरेसं आहे, तुमच्या कुत्र्यासाठी 1 ग्रॅम, आणि काही गमच्या एकाच गोळीत जवळपास तेवढं असतं. मात्रा पाचपट झाली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत यकृतही निकामी होऊ शकतं. लेबलवर ‘झायलिटॉल’ किंवा ‘967’ हा क्रमांक शोधा, घटकांच्या यादीत गोडव्याच्या जागी तो आयएनएस किंवा ई या अक्षरांपुढे असतो. चहात टाकायच्या शुगर-फ्री गोळ्या बहुधा अस्पार्टेम, सुक्रालोज किंवा स्टीव्हियाच्या असतात, त्या हा प्रकार करत नाहीत, तरी लेबल वाचाच. ऑफिसहून येऊन सोफ्याजवळ जमिनीवर टेकवलेली पर्स आणि तिच्या बाहेरच्या कप्प्यातली गमची डबी, बहुतेक वेळा हे असंच घडतं. पर्स खुंटीला लावा. कुत्रा डगमगायला लागला पण शुद्धीवर आणि गिळतोय असं दिसलं, तर हिरडीवर मध किंवा साखरेचा पाक चोळा आणि तसेच गाडीत बसा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

मिठाबद्दल थोडकं. निरोगी, पाणी मिळणाऱ्या कुत्र्याला दोन वेफर्सनी काही होत नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र शेव, पापड, खारे दाणे सगळं बंद. सुक्या मासळीत फरक करा. बोंबील, जवळा बऱ्याचदा मीठ न लावताच वाळवतात. तो धुऊन, वाळू काढून, उकडून बोटाच्या पेराएवढा दिला तर उत्तम खाऊ आहे. खारवलेला बांगडा किंवा सुरमई नाही.

पावसाळ्यातली एक गोष्ट. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत पाव दोन दिवसांत बुरसतो आणि शेंगदाणे खवट होतात. ‘माणसाला नको, कुत्र्याला टाकू’ हा विचार इथे घातक ठरतो. दाण्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत खराब करतं, आणि बुरसलेल्या पाव-चीजवरच्या काही बुरशींनी अंगाला झटके येतात. कुत्रं यात माणसापेक्षा नाजूक आहे. बुरसलेलं अन्न पिशवीत गाठ मारून ओल्या कचऱ्यात जावं, फुटपाथवर नाही. याच दिवसांत वरळी सी फेसला, मरिन ड्राइव्हला भुट्टे खाल्ले जातात आणि दाणे संपलेली कणसं जमिनीवर पडतात. मोठा कुत्रा ती दोन चाव्यांत गिळतो. कणीस पचत नाही, आतड्यात बूच बसतं, एक्स-रेमध्ये ते हाडासारखं ठळकही दिसत नाही. उलट्या आणि शी बंद, असं झालं तर ‘परवा भुट्टा खाल्ला असावा’ हे सांगा. मे महिन्यातली आंब्याची कोय आणि बिर्याणीतलं शिजलेलं हाड यांचंही हेच. शिजलेलं हाड चिरफळ्या होऊन आतडं फाडू शकतं. कबाबाची काडी तर सरळ भोसकते. तिला मसाल्याचा वास असतो म्हणून कुत्रा ती सोडत नाही. आंबवलेलं इडलीचं पीठ किंवा यीस्ट घातलेली कच्ची कणीक पोटात फुगते आणि तिच्यातून अल्कोहोल तयार होतं, ते भांडं झाकून वर ठेवा.

काही खाल्लं हे कळल्यावर: तोंडात उरलेलं काढा, पाकीट जपून ठेवा, किती वाजता आणि अंदाजे किती ग्रॅम हे कागदावर लिहा, फोन करा आणि निघा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने मिठाचीच विषबाधा होते. दूध पाजून विष ‘मारलं’ जात नाही. संध्याकाळच्या गर्दीत दहिसरहून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला पोचायला सहज दीड तास जातो, म्हणून आपल्या भागातला जवळचा दवाखाना आणि रात्री उघडं असणारं ठिकाण आजच फोन करून विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

आता आजोबा. त्यांचं देणं बंद करू नका. तो संध्याकाळचा अर्धा तास दोघांसाठीही मोलाचा आहे. एक लहान डबी घ्या आणि सकाळी तिच्यात दिवसाचा खाऊ भरा: उकडलेलं अर्धं अंडं, काकडीच्या चार चकत्या, उकडलेल्या लाल भोपळ्याच्या दोन फोडी, मूठभर साधे कुरमुरे. पालटून कधी बिन मिठाच्या लाह्या, बिया काढलेलं सफरचंद किंवा कलिंगड, साध्या इडलीचा चतकोर, बोराएवढे पनीरचे दोन तुकडे, उकडलेलं रताळं, न खारवलेल्या चार-पाच शेंगा सोलून. घरातल्या कुणीही दिलं तरी याच डबीतून, आणि डबी रिकामी झाली की आजचं संपलं. जेवण तेवढ्या प्रमाणात किंचित कमी करा.

बशीही राहू दे. कांदा-लसूण-मीठ न घालता कोंबडीचा तुकडा उकडलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवा, वर गोठलेली चरबी चमच्याने काढून टाका, आणि चहाच्या वेळी त्यातले दोन चमचे कोमट पाण्यात घालून त्याच बशीत ओता. आजोबांनी कपातला घोट घ्यायचा, त्याने बशीतला.